कुंदे, मनालीचा फोन आला होता

कुंदे, मनालीचा फोन आला होता.

पण ते मी शेवटी सांगणार. आधी माझं ऐक. तीस वर्षं तू मला कारखान्यात एकच वाक्य ऐकवलंस, "इंदे, गप." आता तुला अडवता येत नाही, तर जरा सलग बोलून घेते.

लिहायला बसले तर माझा प्रकाश म्हणाला, "आई, पेपरात देतात तसं लिही. जन्म कधी, शिक्षण किती, मागं कोण." मी म्हटलं, जन्म कधी ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आधार कार्डावर एक जानेवारी टाकलीय, अर्ध्या तालुक्याची टाकलीय तशीच. शिक्षणाचं म्हणशील तर माझंही चौथीपर्यंतच. पुढचं वाचणं मी मूर्ती गुंडाळायच्या रद्दी पेपरांवर शिकले, आणि तू ते माझ्याकडून ऐकून ऐकून. आणि मागं कोण? मागं मी आहे. हे पेपरात कसं देणार?

तर आपलं आपणच बोलू.

परवा सकाळी नवीन मालाचे दोन गणपती डोळ्यांपर्यंत आले. सोंड झाली, सोवळं झालं, दागिने झाले. प्रकाशनं सवयीनं उठून पंखा बंद केला. कारण तू ब्रश हातात घेतलास की पंखा बंद, रेडिओ बंद, आणि इंदू बंद. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायचीस, श्वास धरायचीस, आणि एका दमात एक डोळा. मग श्वास सोडून परत भरायचीस, की दुसरा डोळा. तेवढा वेळ आमच्या जोहे गावात कुणी मेलं तरी तुला सांगायची सोय नव्हती. पंखा बंद झाला आणि आम्ही सगळे आपोआप गप्प उभे राहिलो, गो. तुझी जागा रिकामी. मग प्रकाशनंच जाऊन पंखा परत लावला. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

मनालीची बातमी आणलीस तो दिवस मला तसाच्या तसा आठवतो. गणपतीला आठ-दहा दिवस राहिलेले. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, बाहेर टेम्पोवाला शिव्या घालतोय, आणि तू तुझ्या गावाहून, निडीहून, आगगाडीनं पेणला आणि पेणहून बसनं येऊन नुसती पालथ्या बादलीवर बसून राहिलीस. तीच बादली. मे महिन्याच्या सुट्टीत तुझ्या शेजारच्या सुरेखाची पोरगी म्हणून तू मनालीला सोबत आणायचीस, तेव्हा ती त्याच बादलीवर बसून माझ्याशी अखंड बडबडायची आणि आम्हा दोघींना एकत्र गप्प करता करता तुझा जीव जायचा.

"मनालीला धरली," तू म्हणालीस.

"कुणी धरली?"

"तितल्या सरकारनं. अमेरिकेच्या. कोंडून ठेवलीय."

मला आधी काही कळेना. पोरगी शिकायला गेलेली. रोह्याच्या कॉलेजातून पुढं पुढं जात, बापानं कंपनीत कंत्राटावर डबल शिफ्ट करकरून, कर्ज काढून पाठवलेली. तिनं काय कुणाचा खून केला होता? हळूहळू तू सांगितलंस ते असं, की फीचे पैसे कमी पडायला लागले म्हणून तिनं एक विषय सोडला होता. बापाला न सांगता. म्हटलं असेल, पुढच्या वेळी देऊ. आपल्याकडं राहिलेला विषय ऑक्टोबरला देतात, त्यात काय! पण तिथं परदेशी पोरांनी ठरल्याहून कमी विषय घेतले की तिथं राहायचा कागदच रद्द होतो म्हणे. तिला ते ठाऊक नव्हतं. पैसे वाचवायला गेली आणि दारात गाडी उभी राहिली. आपल्यासारख्यांच्याच घरातली पोरगी अशी चूक करू शकते, कुंदे. पैसेवाल्याची पोरगी विषय सोडत नाही.

आणि त्यावर मी काय बोलले ते तुला आठवत असणारच. मी म्हटलं, "गेली ना हौसेनं? इथं काय कॉलेजं नव्हती?"

तू दिवसभर मूर्तींचे डोळे काढत राहिलीस. संध्याकाळी बसमध्ये चढताना पायरीवर थांबलीस, मागं कंडक्टर ओरडतोय, "आजी, आत व्हा की!" आणि तू मला म्हणालीस, "इंदे, तुला पोरगी नाय. मला पन नाय. ती व्हती ना आपल्याला."

बस गेली.

दुसऱ्या दिवशी मी निडीला आले ती त्या एका वाक्यामुळं. सुरेखाच्या घरात चूल थंड. मनालीचा बाबा भिंतीला टेकून बसलेला, कंपनीचा युनिफॉर्म तसाच अंगावर. मनालीच्या तिथल्या मैत्रिणीनं वकील शोधला होता, पण वकिलाची फी आणि सोडवायला भरायची जामिनाची रक्कम मिळून जो आकडा झाला होता, तो त्यानं कागदावर रुपयांत करून ठेवला होता आणि त्या कागदावर वाटी पालथी घातली होती. बघायलाच नको म्हणून.

तू म्हणालीस, "मागायचे. सरळ सांगायचं आन मागायचे."

सुरेखानं तुझे हात धरले. "कुंदाकाकी, तुरुंग हा शब्द नका काढू गो. तिचं लगीन व्हायचं हाय. उद्या कोन करंल तिला?"

"मग काय सांगू? सत्यनारायण हाय म्हनू?"

त्या दोघींच्या मधे मी बसलेली. तू बघत होतीस तेव्हा तुझ्याकडं मान हलवली, सुरेखा बघत होती तेव्हा तिच्याकडं. तीच माझी चूक. पेणपासून जोह्यापर्यंत बसमध्ये मी मनात ठरवून टाकलं, की कुंदीला काय, ती फटकळ, तिला लोकांचं काय? मी माझ्या पद्धतीनं मागीन. कुणाचं नाव खराब होणार नाही आणि कामही होईल.

म्हणून मी जोह्यात घरोघर जाऊन सांगितलं, की आमच्या कुंदीच्या शेजारची पोरगी अमेरिकेत आजारी आहे, दवाखान्यात आहे, तिथला दवाखाना फार महाग. लोकांनी दिले गो. गणपतीचे दिवस, कारागिरांच्या हातात चार पैसे आलेले, लोक दिलदार असतात तेव्हा. चौथ्या का पाचव्या घरात भिकूशेठनं विचारलं, "काय झालंय काय पन पोरीला?" दुकानदार माणूस, दिल्यावर पावती मागणारा. मी गडबडले. त्याच्या भावाला किडनीचा त्रास होता ते डोक्यात होतं, तर तोंडातून निघून गेलं, "किडनी."

एकदा किडनी म्हटल्यावर सगळीकडं किडनी म्हणावं लागलं. दोन दिवसांत त्या किडनीला पाय फुटले. एका घरातून मुतखड्याचं झाडपाल्याचं औषध आलं. दुसऱ्या घरातून निरोप आला की पथ्य काय ते कळवा. कुणी गणपतीला नवस बोललं. मी हो हो म्हणत पैसे घेत राहिले आणि तुला मात्र म्हणत राहिले, "देतायत गो लोक, सरळ सांगितलं की देतात."

आणि मग बुधी आली.

तुला आता हसू येत असेल. तेव्हा नव्हतं आलं. गौरी जाऊन दोनच दिवस झालेले. तू शिल्लक मूर्तींचे डोळे काढत बसलेलीस, साखरचौथीसाठी. ज्या कारागिरांना गणेश चतुर्थीला स्वतःच्या घरी गणपती बसवायला उसंत नसते, ते मागाहून पंधरवड्यानं, संकष्टीला म्हणजे साखरचौथीला बसवतात, त्यासाठी आपण चार-पाच मूर्ती मागं ठेवतोच. पंखा बंद. सगळं गप्प. बुधी तशी नेहमीची, आदिवासी वाडीवरून येऊन आपल्याकडं माती कालवणारी, पाट उचलणारी. ती दारात उभी राहिली. तिला कुणी सांगणार की आता बोलायचं नसतं? ती सरळ म्हणाली,

"बाय, माजी एक घ्या."

मी हातानं गप्प बस म्हणून खुणावलं.

"दोन असतात म्हनं. मला एक पुरंल. मी डॉक्टरला इचारलं, तो बोलला चालतं. पोरीला माजी किडनी लावा."

कुंदे, तीस वर्षांत मी पहिल्यांदा तुझा ब्रश मधे थांबलेला बघितला. गणपतीचा एक डोळा झालेला, दुसरा कोरा. त्या एका डोळ्यानं गणपती माझ्याकडं बघतोय आणि दोन डोळ्यांनी तू.

"कसली किडनी?" तू विचारलंस.

माझं तोंड, जे कधी बंद नसतं, ते बंद.

तू बुधीला म्हणालीस, "थांब जरा." करंगळी परत गालाला टेकवलीस. श्वास धरलास. दुसरा डोळा काढलास. त्याही वेळी हात हलला नाही तुझा, कसली गो बाई तू! मग ब्रश धुतलास, पुसलास, डबीत ठेवलास आणि मला म्हणालीस,

"चपला घाल."

पहिलं खरं तू तिथंच सांगितलंस, बुधीला. पोरीला काही झालेलं नाही, ती कोंडलेली आहे. बुधी विचार करत उभी राहिली. मला वाटलं, आता ही चिडणार. आपली किडनी द्यायला निघालेली बाई, डॉक्टरकडं जाऊन विचारून आलेली, तिची आपण थट्टा केल्यासारखंच झालं ना?

ती म्हणाली, "कागद नाय म्हून धरली?"

"होता. रद्द केला."

"म्हंजे नायच." आणि ती खाली बसली. "आमाला कोन सांगतं कागदाचं! माज्या मालकाला लाकडाच्या मोळीपायी धरलेला. बोलले, तुज्याकडं कागद कुटाय? दोन दिस बसवला. मी रोज जाऊन दाराभाईर बसायची. आत सोडीत नवते. मी भाईरून नुस्ती बोलत ऱ्हायची. कोंबडीनं अंडी दिली, पोराचा ताप उतारला, काय पन. त्याला माजा आवाज जायाचा. भाईर येऊन तो बोलला, तुजा आवाज नसता तं मी भिंतीवर डोकं आपटलं असतं." मग कमरेची चंची सोडली, त्यात होतं ते तुझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "पैसं काय, पैसं जमतील. पोरीला आवाज पाटवा."

मग आपण दोघी निघालो. ज्या ज्या घरी मी खोटं बोलले होते त्या त्या घरी. ऊन काय होतं त्या दिवशी! मी म्हटलं, "कुंदे, निदान उद्या जाऊ." तू म्हणालीस, "उद्या तू नवीन रोग काढशील."

पहिल्या घरात मी उंबऱ्यावर उभी. मला वाटलं, तू सांगणार, हिनं खोटं सांगितलं. सांगायला हवंच होतंस. पण तू हात जोडलेस आणि म्हणालीस, "आमी खोटं बोललो. पोरगी आजारी नाय, तिकडं सरकारनं धरलीय, कागदाचा घोळ हाय. चोरी नाय केली, लबाडी नाय केली. पैसे वकिलाला जानार. नको वाटत असतील तं परत घ्या, राग नाय."

आमी.

दुसऱ्या घरात, आमी. तिसऱ्यात, आमी. सगळ्या गल्ल्या फिरून झाल्या, तुझ्या तोंडून एकदाही "ही" निघालं नाही. कुंदे, मी ते ऐकत होते. प्रत्येक घरात ऐकत होते. परत येताना बोलायचं होतं मला त्याबद्दल, पण तू पुढं चाललेलीस आणि माझ्यावर चिडलेलीच होतीस, म्हणून मी भातशेतावरच्या बगळ्यांविषयी काहीतरी बोलले. इतकं बोलते मी. आणि जे बोलायचं ते बगळ्यांवर गेलं. म्हणून आता लिहिते. तू "आमी" म्हणालीस ना, ते मला पोचलं होतं.

सगळे काही देवमाणसं निघाली नाहीत. भिकूशेठनं दिलेले परत घेतले. वर म्हणाला, "आमची पोरं इथं कंपनीच्या गेटावर उभी ऱ्हातात, आनि ह्यांना अमेरिका पायजे." तू म्हणालीस, "बरोबर हाय शेठ तुमचं." आणि काढून दिलेस. पण कितीतरी घरांनी परत तर घेतले नाहीतच, उलट पहिल्याहून जास्त दिले. एक म्हातारी तर मला टोचून बोलली, "इंदू, आजारी म्हनून मी उरलेलं दिलेलं. धरलीय म्हनता तं हे ठेवनीतलं." म्हणजे माझ्या खोट्याची किंमत खऱ्याहून कमीच होती. हे मला साठी उलटल्यावर कळलं.

साखरचौथीच्या मूर्तींचं तुझंच डोकं. डोळ्यांची मजुरी घ्यायची नाही, मूर्तीची किंमत सांगायची नाही, नेणाऱ्यानं पोरीसाठी काय घालायचं ते घालावं. एक मूर्ती भिकूशेठनंच नेली. घासाघीस करून. किंमत सांगितलेलीच नाही तर घासाघीस कसली करतोस बाबा, पण त्यानं केली. पैशांचा डबा तुझ्याच हातात होता. तो गेल्यावर तू झाकण उघडून बघितलंस आणि लगेच लावलंस. मी विचारलं, "किती घातले?" तर म्हणालीस, "तुला काय करायचंय? त्याला नावं ठेवायला तुला काय तरी उरू दे."

आणि रोह्याच्या बँकेतलं! पैसे बाहेरदेशी पाठवायचे तर फॉर्मवर कारण लिहावं लागतं. मनालीच्या बाबाचं पेन तिथंच थांबलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. बिचाऱ्याला वाटलं असेल, ह्या बाईला कारणं चांगली सुचतात. मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "लिही, वकिलाची फी." तू मागं बाकावर बसलेलीस. मला पाठीलाही दिसलं तुझं हसू.

पण कामं अशी पटापट होत नसतात. वकील लागला, तारीख लागली, तारीख पुढं गेली. परत लागली, जामीन नाकारला. वकील म्हणे पुन्हा अर्ज करू. दिवाळी गेली. त्या सगळ्या महिन्यांत आपल्या हातात एकच होतं, बुधीनं सांगितलेलं. आठवड्यातून एकदा मनालीची मैत्रीण मधे फोन जोडून द्यायची. मोजकी मिनिटं. पहिल्यांदा सुरेखानं फोन घेतला आणि नुसती रडली. बाबानं घेतला, "जेवलीस का" विचारलं आणि पुढं त्याला शब्द सुचेना. मिनिटं चाललेली. तू फोन त्याच्या हातातून काढून माझ्या हातात कोंबलास आणि म्हणालीस,

"इंदे, बोल."

जन्मात एकदा म्हणालीस! मग मी काय थांबते? मी सांगितलं, की तुझी बादली कुणीतरी बसून फोडली. बुधीनं तुला किडनी देऊ केलेली. परदेशात जाणाऱ्या गणपतींचं खोकं भरायचं चाललंय. ते ऐकून तू मागून ओरडलीस, "तिला सांग, ह्याला चार हात, तोंड हत्तीचं, बसायला उंदीर, तरी ह्याला कोन आडवत नाय. तुजा मेलीचा एकच इषय कमी पडला!" आणि तिकडून मनाली हसली, कुंदे. कोंडलेली पोरगी हसली. सुरेखानं पदर तोंडात घातला.

त्यानंतर दर आठवड्याला माझं तेच काम. मी आठवडाभर साठवायचे, काय सांगायचं. तू फोनवर कधी फारसं बोलली नाहीस. शेवटी फक्त फोन तोंडाजवळ घेऊन म्हणायचीस, "मने, मी हाय हा." बस. तेवढंच.

आता मला तुझ्याशी भांडायचंय.

तू आम्हाला काय सांगितलं होतंस? "गॅस हाय." छातीवर हात ठेवून कारखान्याच्या पायरीवर बसायचीस आणि म्हणायचीस, "काय नाय गो, गॅस हाय." डॉक्टरनं पनवेलला जाऊन तपासण्या करायला सांगितल्या, त्याचं विचारलं तर म्हणालीस, "गेलेली. समदं ठीक हाय." तू गेलीच नव्हतीस. ती चिठ्ठी तुझ्या उशाखाली मिळाली सुरेखाला, घडी न मोडलेली. मला भर उन्हात गावभर फिरवून खरं बोलायला लावणारी तू! का गेली नाहीस पनवेलला, ते मी विचारत नाही. तपासणीसाठी ठेवलेलं काही होतं का, आणि ते कुठल्या डब्यात गेलं, तेही विचारत नाही. मला उत्तराची भीती वाटते. पण एवढं म्हणते, की तू परत भेटलीस की मी तुला सांगणार आहे, "चपला घाल." आणि घरोघर फिरवणार आहे.

त्या दिवशी पेणहून बस आली, सगळे उतरले, तू नाहीस. मला वाटलं, गाडी चुकली असेल. दुसरी बस आली. मग मी फोन लावला तर सुरेखानं उचलला, तुझा फोन सुरेखानं, आणि मला तिथंच कळलं.

तुझ्या पुतण्यानं सगळं नीट केलं, काळजी नको. दहाव्याला मी निडीला आले. नदीवरून सगळे परत आलेले, ओटीवर बायका बसलेल्या, मी सुरेखाच्या घरात पाणी प्यायला गेले आणि फोन वाजला. आठवड्याचा तो वार नव्हता. सुरेखानं उचलला, ऐकलं, आणि खालीच बसली. मला वाटलं, अजून काय वाईट राहिलंय?

तिनं फोन मोठ्या आवाजावर केला. मनाली होती. एकटी. मधे मैत्रीण नाही, मोजकी मिनिटं नाहीत. "आई, मी बाहेर आलेय. जामीन झाला. मैत्रिणीच्या घरी आहे. केस अजून चालणार आहे, पण मी बाहेर आहे. आई, मी आत्ता भात खाल्ला."

सुटली, कुंदे. तुझी मनी सुटली. दहा दिवस आधी सुटली असती तर काय बिघडलं असतं तिथल्या कुणाचं? असो. सुटली.

बाबा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सुरेखा रडत हसत होती. मग मनाली म्हणाली, "इंदूआजी आहे का तिथं? आवाज येतोय. आजी, कुंदाआजीला दे ना. तिला मी स्वतः सांगते."

सुरेखानं माझा दंड धरला. मान हलवून खुणावलं, नको. तिचंही बरोबरच होतं. पोरगी आत्ताच कुठं बाहेर आलीय, परक्या देशात, आज नको, चार दिवसांनी सांगू. आणि मला तरी काय अवघड होतं? ती झोपलीय. ती रोह्याला बाजारात गेलीय. माझ्या जिभेवर शब्द तयार होता. मी बोलायलासुद्धा लागले, "कुंदा होय? कुंदा दवाखा..."

आणि मला तो गणपती आठवला. एक डोळा झालेला, एक कोरा.

मी म्हटलं, "मने, कुंदा गेली. आज दहावा. आम्ही तुला खोटं सांगणार होतो."

आम्ही म्हटलं मी. सुरेखानं माझा दंड सोडला.

पलीकडून आवाज नाही. रडण्याचा नाही, कसलाच नाही. आधी कधी असं झालं की मी लगेच काहीतरी भरायचे, कोंबडी, बादली, बगळे, काय पण. त्या दिवशी मी गप्प राहिले. ओटीवरच्या बायकाही गप्प झाल्या, त्यांना काय कळलं कोण जाणे. सुरेखानं उठून पंखा बंद केला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तू करंगळी टेकवून एक डोळा काढावास, श्वास सोडून परत भरावास आणि दुसरा काढावास, तेवढा वेळ आम्ही सगळे तसेच होतो, इकडचे आणि तिकडची.

मग मनालीनं श्वास घेतला. मला ऐकू आला.

"आजी," ती म्हणाली, "तू आहेस ना?"

मी फोन तोंडाजवळ घेतला. म्हटलं, "मने, मी हाय हा."